'फक्त सभासदांसाठी' : फिल्म सोसायटी आणि माहितीपटाचा प्रेक्षक

मराठीत डॉक्युमेंटरीला दोन प्रतिशब्द रूढ आहेत : अनुबोधपट आणि माहितीपट. पहिल्यात बोध आहे, दुसऱ्यात माहिती आहे. आणि दोहोंतही प्रेक्षकाची जागा आधीच ठरून गेलेली आहे. कोणीतरी जाणता वरून काही सांगणार आणि समोरचा ते मुकाट्याने ग्रहण करणार, असे नाते या शब्दांनी गृहीत धरले आहे. नाटकाच्या प्रेक्षकाला आपण रसिक म्हणतो, कवितेच्या वाचकाला सहृदय म्हणतो. माहितीपटाच्या प्रेक्षकासाठी मात्र मराठीत असा शब्द रुळला नाही. ही निव्वळ परिभाषेची उणीव आहे असे आम्हांला वाटत नाही. माहितीपट कोणी, कोठे, कोणाला आणि कोणत्या अटीवर दाखवला, या इतिहासातून ती आलेली आहे.

या इतिहासात फिल्म सोसायटीचे स्थान मोठे विलक्षण आहे. एखाद्या गावची सोसायटी स्वतंत्र चित्रपटांचे आणि माहितीपटांचे सत्र जाहीर करते तेव्हा तिच्या पत्रकाच्या तळाशी बहुधा एक ओळ असते : 'फक्त सभासदांसाठी'. आपण ती ओळ वाचून पुढे जातो. चित्रपट कोणता, दिग्दर्शक कोण, चर्चा कोण करणार, याकडे आपले लक्ष असते. परंतु सोसायटीचे सगळे स्वातंत्र्य आणि तिची सगळी मर्यादा त्या एका ओळीत सामावलेली आहे, असे आम्हांला वाटते. कथापटासाठी ही ओळ ढाल ठरली. माहितीपटासाठी तीच ओळ अडसर ठरली. हे कसे घडले, याची मांडणी येथे करायची आहे.

१

भारतीय चित्रपटाचा आरंभच मुळी वास्तवाच्या चित्रणाने झाला. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्ती चित्रित केली. केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजपे यांचे डिसेंबर १९०१ मध्ये मुंबईत झालेले स्वागतही त्यांनीच टिपले. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल उभे करण्यापूर्वी वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखवणारा छोटा पट केला होता. या पटांचा प्रेक्षक कुतूहलाने येणारा होता. त्याला कोणी बसवून ठेवले नव्हते.

बसवून ठेवण्याची कल्पना युद्धकाळात आली. दुसऱ्या महायुद्धाच्या प्रचारासाठी ब्रिटिश सरकारने १९४० मध्ये फिल्म अ‍ॅडव्हायझरी बोर्ड आणि पुढे १९४३ मध्ये 'इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया' ही यंत्रणा उभी केली. भारत संरक्षण नियमांखाली प्रत्येक चित्रपटगृहाला दर खेळात सरकारमान्य पट दाखवणे सक्तीचे झाले. त्यासाठी २००० फूट लांबी नेमून दिलेली होती. पस्तीस मिलिमीटरच्या फितीवर ती सुमारे बावीस मिनिटांची होते. १९४६ मध्ये ही यंत्रणा बंद पडली. १९४८ मध्ये स्वतंत्र भारताच्या सरकारने फिल्म्स डिव्हिजनची स्थापना केली, आणि सक्तीची तरतूद नव्या राज्याने आपलीशी केली. चित्रपटगृहाच्या परवान्यातच ती अट आली. पट दाखवायचा आणि त्याचे भाडेही भरायचे, असा चित्रपटगृहवाल्यांवर दुहेरी भार होता. त्यांनी या सक्तीला न्यायालयात आव्हान दिले; १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली.

त्या पटांची पिढ्यान्‌पिढ्या थट्टा झाली. पडद्यावर धरण, खतांचा कारखाना किंवा कुटुंबनियोजन सुरू असताना प्रेक्षक बाहेर चहा-विडी करत आणि मुख्य चित्रपटाची नामावली लागली की आत येत. माहितीपट म्हणजे मुख्य गोष्टीआधी सोसायची गोष्ट, हा संस्कार येथे झाला. तो अन्यायाचाही होता. याच संस्थेत, जाँ भावनगरी यांच्या प्रोत्साहनाच्या काळात, साठच्या दशकाच्या उत्तरार्धात एस. सुखदेव यांचा 'इंडिया ६७', एस. एन. एस. शास्त्री यांचा 'आय अ‍ॅम ट्वेंटी', प्रमोद पती यांचा 'एक्स्प्लोरर' असे धाडसी पट झाले. मकबूल फिदा हुसेन यांच्या 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर'ला १९६७ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात लघुपटांसाठीचे सुवर्ण अस्वल मिळाले. पण प्रेक्षागृहातल्या माणसाने निवड करून यावे, अशी या पटांची व्यवस्थाच नव्हती. उत्तम पटही त्याच सक्तीच्या बावीस मिनिटांत लागे आणि त्याच दुर्लक्षात संपे.

याच काळात माहितीपट आणि कायदा यांची गाठ पडली. ख्वाजा अहमद अब्बास यांचा 'चार शहर एक कहानी' हा छोटा माहितीपट महानगरांतील श्रीमंती आणि दैन्य शेजारी शेजारी ठेवत होता. मुंबईतील वेश्यावस्तीच्या दृश्यांवरून सेन्सॉर मंडळाने आक्षेप घेतला. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७० मध्ये न्यायालयाने चित्रपटाचे पूर्वपरीक्षण घटनेशी सुसंगत ठरवले. छापील शब्दाला जी पूर्वपरवानगी लागत नाही ती चित्रपटाला का लागावी, या प्रश्नाला न्यायालयाने दिलेले उत्तर असे की चलच्चित्राचा मनावर होणारा परिणाम अधिक तीव्र असतो. भारतीय चित्रपट-सेन्सॉरशिपचा हा पायाभूत निकाल एका माहितीपटावरून झाला, ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

२

सक्तीच्या या दाराशेजारीच दुसरे एक दार उघडत होते. मुंबईत १९३७ मध्ये अ‍ॅमॅच्युअर सिने सोसायटी निघाली. १९४७ मध्ये सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांचे स्नेही यांनी कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन केली. १९५२ मध्ये मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला आणि इटलीच्या नववास्तववादी चित्रपटांनी येथील जाणकारांना हलवून सोडले. १९५९ मध्ये फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया ही शिखर संस्था राय यांच्या अध्यक्षतेखाली उभी राहिली. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर १९६० मध्ये पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट आणि १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आले. पी. के. नायर यांनी संग्रहालयाच्या सोळा मिलिमीटरच्या प्रती गावोगावच्या सोसायट्यांपर्यंत पोचवल्या, आणि सतीश बहादूर यांनी रसास्वादाच्या अध्यापनाची घडी बसवली. १९६८ मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ स्थापन झाले. सुधीर नांदगावकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांमुळे फिल्म सोसायटीची चर्चा मराठीत होऊ लागली. 'वास्तव रूपवाणी' हे मंडळाचे नियतकालिक मराठी चित्रपटसमीक्षेच्या अभ्यासकाला आजही चाळावे लागते. पुण्यात आशय फिल्म क्लबने हे काम पुढे नेले.

या संस्थांचा व्यवहार कसा चाले हे नव्या विद्यार्थ्यांना सांगावे लागते. शाळेचे सभागृह किंवा एखाद्या वाचनालयाचा माळा, एक भाड्याचा प्रोजेक्टर, खिडक्यांना काळे कापड. सोळा मिलिमीटरचे १२०० फुटांचे रीळ सुमारे तेहतीस मिनिटे चाले. एकच प्रोजेक्टर असला की रीळ बदलताना दिवे लागत आणि त्या दोन-तीन मिनिटांत प्रेक्षागृहात कुजबुज सुरू होई. चित्रपट पाहणे आणि त्यावर बोलणे यांची सांगड तांत्रिक गरजेतूनही घट्ट झाली. वर्गणी वार्षिक असे. एका खेळाचे तिकीट विकण्यास मुभा नव्हती.

ती मुभा का नव्हती, हा कळीचा मुद्दा आहे. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार प्रमाणपत्राशिवाय चित्रपटाचे सार्वजनिक प्रदर्शन करता येत नाही. मात्र विशिष्ट चित्रपटांना किंवा प्रदर्शनांना सूट देण्याचा अधिकार त्याच कायद्याच्या नवव्या कलमाने केंद्र सरकारला दिलेला आहे. फेडरेशनशी संलग्न सोसायट्यांना सेन्सॉरची सूट मिळाली ती या वाटेने, आणि अट ही की खेळ सभासदांपुरता राहील. बर्गमन, गोदार, वायदा आम्हां मराठी प्रेक्षकांपर्यंत अखंड पोचले ते या अटीमुळे. तिचे हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल.

साठोत्तरी वाङ्मयाच्या अभ्यासकाला ही व्यवस्था परिचयाची वाटेल. त्याच वर्षांत लघुनियतकालिके मोजक्या प्रतींत निघत होती आणि ओळखीच्या हातांतून फिरत होती. छोटे वर्तुळ हे त्यांचे संरक्षण होते. त्या वर्तुळात भाषेला कोणतेही धाडस करता येत होते. परंतु याच काळातील रंगभूमीने दुसरा मार्ग घेतला. १९७२ मध्ये 'सखाराम बाइंडर'वर गंडांतर आले तेव्हा कमलाकर सारंग यांनी प्रयोग खाजगी करून घेतला नाही. ते उच्च न्यायालयात गेले आणि तिकीट काढून येणाऱ्या कोणालाही ते नाटक पाहता यावे यासाठी भांडले. एकाच दशकात, एकाच शहरात, मराठी सुशिक्षितांनी सेन्सॉरला दोन वेगळी उत्तरे दिली. फिल्म सोसायटीने दार लावून घेतले आणि आतले स्वातंत्र्य जपले. नाटकाने दार उघडे ठेवून भांडण मांडले.

बंद दाराचे तोटेही लवकरच दिसू लागले. न कापलेल्या दृश्यांच्या आशेने सभासद झालेल्यांची संख्या सत्तरच्या दशकात फुगली, ही गोष्ट या चळवळीच्या धुरिणांनीच खेदाने नोंदवलेली आहे. त्याहून खोल तोटा दुसरा होता. आपण पाहतो ती कला आणि बाहेर चालतो तो धंदा, अशी विभागणी रसास्वादाच्या भाषेत रुजली. या विभागणीत माहितीपट कोठेच बसेना. तो धंदा नव्हता, आणि सरकारी पटांच्या आठवणीमुळे त्याला कला म्हणायलाही जीभ रेटेना. सोसायटीच्या कार्यक्रमातही त्याची जागा बहुधा तीच राहिली : मुख्य चित्रपटाआधीची वीस मिनिटे. चित्रपटगृहात सक्तीने जे झाले ते येथे सवयीने झाले.

३

ज्यांचा माहितीपट कोणा एका समूहाबद्दल आणि त्या समूहासाठी होता, त्यांना या बंद दाराचा उपयोग नव्हता. आनंद पटवर्धन यांनी बिहारमधील जयप्रकाशांच्या आंदोलनावर 'क्रांती की तरंगें' हा पट केला. आणीबाणीत तो दाखवणे धोक्याचे झाले. त्याची प्रत तुकड्यातुकड्यांनी देशाबाहेर नेण्यात आली. राजकीय कैद्यांवरचा 'ज़मीर के बंदी' १९७८ मध्ये आला. १९८५ चा 'हमारा शहर' मुंबईच्या झोपडपट्टीवासीयांच्या घरांवर चालणाऱ्या हातोड्याचा पट आहे. तो पाहण्याचा पहिला अधिकार कोणाचा? वार्षिक वर्गणी भरणाऱ्या सभासदाचा, की ज्याची झोपडी पडद्यावर पडते आहे त्याचा? हा पट वस्त्यांतून दाखवला गेला. पडदा म्हणून चादर चालली, आणि चर्चा रसास्वादाच्या परिभाषेत झाली नाही.

याहून कमी ओळखले गेलेले, पण मराठीच्या अभ्यासकाला अधिक जवळचे उदाहरण 'युगांतर' या स्त्रियांच्या चित्रपट-गटाचे आहे. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि छायाचित्रकार नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांनी १९८० मध्ये हा गट उभारला. त्यांचा 'मोलकरीण' (१९८१) पुण्यातील घरकाम करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेवर आहे. 'तंबाखू चाकिला ऊब आली' (१९८२) निपाणीच्या तंबाखू वखारींतील कामगार स्त्रियांवर आहे. निपाणी म्हटले की मराठी वाचकाला १९८१ चे तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांचे आंदोलन आठवते. वखारीत तंबाखूच्या धुळीत राबणाऱ्या स्त्रियांचा संघर्ष मात्र आठवावा लागतो. हे पट त्या स्त्रियांशी बोलून, त्यांच्या सहभागाने घडले आणि कामगार स्त्रियांच्या सभांतून दाखवले गेले. दोन्ही पटांची भाषा मराठी आहे, आणि तरीही मराठी चित्रपटाच्या इतिहासात त्यांचा उल्लेख क्वचितच सापडतो. जे चित्रपटगृहात लागले नाही आणि सोसायटीच्या पत्रकात छापले गेले नाही, ते इतिहासातूनही सुटले.

आम्ही पदव्युत्तर वर्गात 'मोलकरीण' दाखवतो तेव्हा चर्चा अपरिहार्यपणे शीर्षकावर येते. 'मोल' आणि 'करीण' : श्रमाची किंमत शब्दातच आहे आणि ती देणाऱ्याची तऱ्हाही शब्दालाच चिकटली आहे. महाराष्ट्र शासनाने २००८ मध्ये केलेल्या कायद्याच्या नावात 'घरकामगार' हा शब्द आला. या दोन शब्दांमधले अंतर म्हणजे सुमारे तीन दशकांचे संघटनकार्य आहे. साहित्याच्या वर्गात आपण शब्दांचा इतिहास कोशातून शिकवतो. येथे तो माणसांच्या तोंडून ऐकू येतो. वर्गातील काही विद्यार्थी हा पट 'घरचा' म्हणून पाहतात आणि काही 'घरी येणाऱ्या बाईंचा' म्हणून पाहतात. कोणत्या बाकावरून पाहिले याने पट बदलतो, हे कोणत्याही सिद्धांताच्या तासापेक्षा तेथे लवकर समजते.

बंद दार उघडण्याचा एक प्रयत्न फिल्म सोसायटीच्या परंपरेतूनही झाला, हे नमूद केले पाहिजे. तो महाराष्ट्रात झाला नाही, केरळात झाला. तेथे १९६५ मध्ये अडूर गोपालकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेल्या 'चित्रलेखा'नंतर सोसायट्यांचे जाळे लहान गावांपर्यंत पसरले होते. त्या पार्श्वभूमीवर जॉन अब्राहम आणि त्यांच्या मित्रांनी १९८४ मध्ये 'ओडेसा' हा समूह स्थापन केला. गावोगाव चित्रपट दाखवून आणि लोकांकडून वर्गणी गोळा करून त्यांनी 'अम्मा अरियान' (१९८६) निर्माण केला, आणि तो पुन्हा त्याच लोकांपुढे नेला. वर्गणी येथेही होती. पण ती दाराशी उभी नव्हती. महाराष्ट्रात शाहिरी जलसे, कामगार रंगभूमी आणि लोकनाट्य यांची एवढी मोठी परंपरा असताना आपल्या सोसायट्यांना ही वाट का सुचली नाही, हा प्रश्न आम्हांला बोचतो. आमच्यासारख्या मध्यमवर्गीय अध्यापकांच्या हातात त्यांची सूत्रे होती, हे त्याचे निदान एक कारण असावे.

४

सक्तीचे दार, बंद दार आणि वस्तीतला उघडा पडदा हे तीन प्रवाह २००४ मध्ये मुंबईत एकमेकांवर आदळले. फिल्म्स डिव्हिजन १९९० पासून मुंबईत माहितीपट, लघुपट आणि सचेतपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरवत आली होती. 'मिफ' या नावाने तो ओळखला जातो. २००२ च्या महोत्सवात पटवर्धन यांच्या 'जंग और अमन'ला पुरस्कार मिळाला. पोखरणच्या अणुचाचण्यांनंतरच्या उन्मादाची चिकित्सा करणारा हा पट सेन्सॉर मंडळाने मात्र अडवला. काटछाटीशिवाय तो दाखवण्याचा अधिकार २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिला. त्याच वर्षी पुढील महोत्सवाची नियमावली आली. परदेशी पटांना प्रमाणपत्र नको, भारतीय पटांना मात्र ते हवे, असा नियम तीत होता.

देशभरातील माहितीपटकार या नियमाविरुद्ध संघटित झाले. दबाव वाढला तेव्हा नियम मागे घेण्यात आला. पण निवडीची यादी जाहीर झाली तेव्हा राजकीय आशयाचे अनेक उल्लेखनीय पट तीत नव्हते. गुजरातमधील २००२ च्या हिंसाचारावरचा राकेश शर्मा यांचा 'फायनल सोल्यूशन' हा त्यांतला एक. जे काम प्रमाणपत्राने करायचे होते ते निवडीने केले, अशी माहितीपटकारांची भावना झाली. त्यांनी फेब्रुवारी २००४ मध्ये मिफच्याच दिवसांत 'विकल्प : फिल्म्स फॉर फ्रीडम' हा समांतर महोत्सव भरवला. स्थळ होते प्रभादेवीचे भूपेश गुप्ता भवन. मराठी वाचकाला ही वास्तू लोकवाङ्मय गृहाचा पत्ता म्हणून परिचित आहे. काही दिग्दर्शकांनी मिफमधून आपले पट काढून घेतले आणि ते येथे दाखवले.

'विकल्प'चे महत्त्व केवळ निषेधात नव्हते. प्रवेशासाठी कोणत्या संस्थेचे सभासदत्व लागत नव्हते. जो येईल तो प्रेक्षक. सोसायटीने चार दशके सांभाळलेल्या सवलतीचा आधार त्यांनी घेतला नाही. सवलत मागणे म्हणजे मूळ बंधन मान्य करणे, अशी त्यामागची भूमिका होती. खेळांना गर्दी झाली, जमिनीवर बसून लोकांनी पट पाहिले. बावीस सक्तीच्या मिनिटांत बाहेर चहा पिणारा प्रेक्षक आणि हा प्रेक्षक एकाच समाजातला होता. फरक निवडीचा होता. माहितीपटाला प्रेक्षक नाही, या जुन्या समजुतीचे इतके ठोस खंडन त्यापूर्वी क्वचितच झाले असेल.

राकेश शर्मा यांनी त्यापुढचे पाऊल टाकले. 'फायनल सोल्यूशन'ला २००४ मध्येच बर्लिनच्या महोत्सवात पुरस्कार मिळाले आणि भारतात त्याला प्रमाणपत्र नाकारण्यात आले. त्यांनी पटाच्या तबकड्या फुकट वाटल्या. अट एकच : घेणाऱ्याने आणखी पाच प्रती काढून पुढे द्याव्यात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मंडळाला पट संमत करावा लागला. रीळ आणि प्रोजेक्टर यांच्या काळात प्रत ही दुर्मीळ वस्तू होती आणि ती बाळगणारी संस्था म्हणजे जणू देवळाचा गाभारा. तबकडीने तो गाभारा खुला केला.

या दोन दशकांचे निष्कर्ष एकसुरी नाहीत. 'विकल्प'ची चळवळ पुढे अनेक शहरांत गेली. मुंबईत जुहूच्या पृथ्वी हाऊसमध्ये 'विकल्प अ‍ॅट पृथ्वी' या नावाने माहितीपटांचे विनामूल्य मासिक खेळ झाले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूरदर्शनला पटवर्धन यांचा 'पिता, पुत्र और धर्मयुद्ध' दाखवण्याचा आदेश दिला. २०११ चा 'जय भीम कॉम्रेड' घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ रोजी झालेल्या गोळीबारापासून सुरू होतो. त्यात दहाजण ठार झाले, आणि त्या धक्क्याने शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. 'हमारा शहर'मध्ये गायलेले हेच ते शाहीर. चौदा वर्षे चित्रित झालेला हा तीन तासांहून मोठा पट भायखळ्याच्या बीआयटी चाळीत, जेथील माणसे त्यातली गाणी पाठ म्हणतात तेथे, उघड्यावर दाखवला गेला. माहितीपटाचा रसिक कोणता, या आरंभीच्या प्रश्नाचे एक उत्तर त्या पटांगणात बसलेले होते. शाहिरी वाङ्मयाचा अभ्यासक्रम शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांनी त्या प्रेक्षकाकडून शिकण्यासारखे बरेच आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मंडळाच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याचे अपील न्यायाधिकरण एप्रिल २०२१ मध्ये रद्द झाले; आता माहितीपटकाराला थेट उच्च न्यायालय गाठावे लागते, आणि तेवढी ऐपत सर्वांची नसते. फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. पायल कपाडिया यांचा 'अ नाइट ऑफ नोइंग नथिंग' (२०२१) आणि शौनक सेन यांचा 'ऑल दॅट ब्रीद्स' (२०२२) यांना कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा पुरस्कार लागोपाठ मिळाला. पहिल्या पटाला पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील २०१५ च्या विद्यार्थी आंदोलनाची पार्श्वभूमी आहे. पुण्यात शिकवणाऱ्या किती मराठी अध्यापकांनी तो पाहिला असेल?

५

आता प्रत मिळवणे अवघड राहिलेले नाही. हातातल्या पडद्यावर जगभरचे माहितीपट उतरतात. मग स्थानिक सोसायटीने सत्र भरवायचे ते कशासाठी? या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी जुनेच उत्तर मिळते : मोठा पडदा, चांगला ध्वनी, दर्जेदार निवड. हे उत्तर कथापटाला पुरे पडत असेल. माहितीपटाला ते पुरत नाही. एकट्याने पाहिलेला माहितीपट ही खरोखरच 'माहिती' होऊन बसते. चार अनोळखी माणसांच्या शेजारी बसून, त्यांच्यापैकी कोणी विरोध करील या जाणिवेने पाहिलेला तोच पट म्हणजे सार्वजनिक घटना असते. खेळानंतरची चर्चा म्हणूनच सत्राचा उपचार नाही, ते त्याचे प्रयोजन आहे. आणि चर्चेला अर्थ तेव्हाच येतो जेव्हा ज्यांच्याविषयी पट आहे त्यांच्यापैकी कोणीतरी सभागृहात असते.

म्हणून सत्राची आखणी करताना निवडसमितीने 'काय दाखवावे' याइतकाच 'कोणापुढे दाखवावे' याचा विचार करावा, असे आमचे म्हणणे आहे. नारायण सुर्वे यांची कविता आणि सुधीर पटवर्धन यांची चित्रे यांतून गिरणगाव उभे करणारा अंजली मोन्तेरो आणि के. पी. जयशंकर यांचा 'साचा' (२००१) मराठी विभागात दाखवला की तो कवीवरचा पट होतो; तोच गिरणी कामगारांच्या वसाहतीत दाखवला की तो शहरावरचा पट होतो. दोन्ही खेळ व्हावेत, आणि शक्य तर दोन्हीकडचे प्रेक्षक एकमेकांच्या खेळाला यावेत. यासाठी कायद्यात बदल होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रमाणपत्र मिळालेले कितीतरी उत्तम माहितीपट उपलब्ध आहेत, आणि त्यांना सभासदत्वाची अट लागूच होत नाही. तरीही आपण दार लावून घेतो, ते कायद्यामुळे की सवयीमुळे, हे ज्याचे त्याने तपासावे.

सभासदत्वाच्या ओळीने एके काळी आम्हांला जग दाखवले. तिचा हेतू सेन्सॉरला बाहेर ठेवणे हा होता. ती हळूहळू शेजाऱ्याला बाहेर ठेवू लागली, आणि आत बसलेल्या आम्हां रसिकांच्या ते लक्षात आले नाही. 'अनुबोधपट' हा शब्द बदलायचा की नाही हे कोशकार ठरवतील. त्या शब्दाने प्रेक्षकाला दिलेले खालचे आसन मात्र पुढच्या सत्राच्या पहिल्याच खेळाला बदलता येईल. त्यासाठी पत्रकाच्या तळाची ओळ खोडून तेथे दोन शब्द लिहावे लागतील : 'सर्वांना प्रवेश'.